जुना फोन, भरलेली मेमरी आणि महत्त्वाचा मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१६ किंवा ३२ जीबीचे फोन अजून कितीतरी घरांत चालू आहेत, आईबाबांकडे, दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेत सरांकडे, आणि त्यातली बरीच जागा तर अँड्रॉइडनेच खाल्लेली असते. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲप, फोटो, आणि कुठेतरी कोपऱ्यात जीमेल. नातेवाईकांचे फोन लावून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं बहुतेक अँड्रॉइड आणि जीमेल धरून आहेत कारण विचारणारे बहुतेक तेच वापरतात, बाकीच्यांसाठी अधेमधे सांगितलंय.

फोनची मेमरी भरली की मेल येणं खरंच थांबतं का?

हो, आणि गुपचूप थांबतं हाच खरा त्रास आहे. अँड्रॉइड मोकळ्या जागेवर लक्ष ठेवून असतं. एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, दोन्हीत जे कमी असेल त्याच्या खाली जागा गेली की 'स्टोरेज कमी आहे' अशी सूचना येते (जी आपण सगळेच बोटाने बाजूला सारतो) आणि मागच्या मागे चाललेलं सिंक (मेल वगैरे आपोआप फोनवर उतरवून घेणं) सिस्टिम थांबवून टाकते. फोनच्या कंपनीप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कम्प्युटरवर, आलेला असतो, कम्प्युटरवर उघडलं तर समोर दिसतो, फोन मात्र गप्प. मग "मला मेल आलाच नाही" आणि "अहो मी परवाच पाठवलाय" हे सुरू होतं आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून बाकी काहीही करायच्या आधी निदान १ जीबी मोकळी ठेवा. जागा खाणारा सहसा मेल नसतोच, व्हॉट्सॲप असतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या काढून दाखवतं, तिथे शुभ सकाळचे व्हिडिओ आणि लग्नाचे पाच पाच वेळा फॉरवर्ड झालेले फोटो सापडतील.

मग थांबलेला मेल हरवला का?

नाही. फोनमध्ये असते ती फक्त प्रत, अस्सल सर्व्हरवर. जागा झाली की सिंक परत चालू होतं आणि राहिलेलं खाली येतं.

पण इथे लोकांची एक गल्लत नेहमी होते. फोन भरणं वेगळं आणि मेलबॉक्स भरणं वेगळं. जीमेलची फुकटची १५ जीबी ही मेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांत मिळून असते, त्यामुळे फोटोंचा बॅकअप चालू असेल तर मेलची जागा फोटोच गिळतात. ती भरली की मग मात्र मेल तुमच्या दारात येतच नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर अडचण तात्पुरती आहे असं कळलं तर थांबून थांबून परत पाठवत राहतो, किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं ई-मेलच्या नियमांत म्हटलेलं आहे, त्यानंतर मेल पाठवणाऱ्याला परत. हॉल तिकिटाचा किंवा नोकरीच्या इंटरव्ह्यूचा मेल असा परत गेला तर तुम्हाला कळायचीसुद्धा सोय नाही.

साफसफाई कम्प्युटरवर करा. जीमेलच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'लार्जर', मग कोलन, मग दहाचा आकडा आणि 'एम' असं मध्ये जागा न सोडता टाइप केलं की १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा, तिथे ते ३० दिवस पडून असतात आणि तोवर जागा धरून बसतात.

महत्त्वाचा मेल कुठला हे फोनला कसं कळणार?

फोनला कळायची गरजच नाही आणि फोनवर ठरवूही नये. ज्याच्याकडे जागा कमी, रॅम कमी, बॅटरी जुनी, त्याच्याच डोक्यावर निवडीचं काम टाकणं म्हणजे मंडईतला सगळा माल घरी ओतून मग भाजी निवडत बसण्यासारखं आहे. निवड सर्व्हरवर व्हायला हवी, मेल फोनकडे निघायच्या आधी. या पानावरची जवळपास सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आता सर्व्हर कशावरून ठरवतो? एक म्हणजे पाठवणारा लावतो तो लाल उद्गारचिन्हाचा शिक्का. त्याच्यावर अजिबात विसंबू नका. तो मेलच्या हेडरमधली (मेलसोबत जाणाऱ्या वरच्या माहितीतली) एक ओळ असतो, कुणीही लावू शकतो, आणि जाहिरातवाल्यांना आपला प्रत्येक मेल अर्जंटच वाटतो. दुसरं म्हणजे जीमेलचा स्वतःचा अंदाज, ते पिवळं चिन्ह. २०१० मध्ये प्रायॉरिटी इनबॉक्स आला तेव्हापासून हे आहे, तुम्ही कुणाचे मेल उघडता, कुणाला उत्तर देता यावरून तो शिकतो. रोजच्या माणसांसाठी ठीक आहे, पण वर्षातून एकदाच येणाऱ्या मेलसाठी हा अंदाज धरून चालू नका, आणि प्राप्तिकराची नोटीस किंवा पेन्शनचं हयातीच्या दाखल्याचं पत्र रोज थोडंच येतं! तिसरा मार्ग म्हणजे तुम्ही स्वतः लिहून ठेवलेला नियम, फिल्टर. पैसे, परीक्षा, सरकारी काम, दवाखाना यांच्यासाठी मी फक्त यावरच भरवसा ठेवतो.

फिल्टर करायचा कसा? फोनवर ऑप्शनच सापडत नाही.

सापडणार नाही, जीमेलच्या ॲपमध्ये तो नाहीये. कम्प्युटरच्या ब्राउझरमधून एकदा करावं लागतं, घरी कम्प्युटर नसेल तर कुणाचा तरी अर्धा तास मागून घ्या, सायबर कॅफेत करणार असाल तर लॉगआउट करायला विसरू नका.

जीमेलच्या सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे ते दाबलं की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मध्ये ज्यांचे मेल हवेत त्यांचे पत्ते टाका, दोन पत्त्यांच्या मध्ये कॅपिटल अक्षरांत 'ऑर' लिहायचं. मग 'क्रिएट फिल्टर' आणि तीन गोष्टींवर टिक करा, 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम', 'ऑल्वेज मार्क इट ॲज इम्पॉर्टंट' आणि 'अप्लाय द लेबल', लेबलला नाव काहीही द्या, बाबांच्या फोनवर 'कामाचे' असं दिलं तर त्यांना पटकन कळतं.

पत्ते टाकताना थोडं डोकं लावा. सरकारी खात्यांसाठी पत्त्यातला ॲटनंतरचा भाग, म्हणजे डोमेन, एवढाच टाकला तरी चालतो, कारण तिथून फारशा जाहिराती येत नाहीत. बँकेसाठी तसं करू नका! बऱ्याच बँका स्टेटमेंट एका पत्त्यावरून पाठवतात आणि 'तुमच्यासाठी खास कर्ज' दुसऱ्या, डोमेन मात्र तेच. आधीचं स्टेटमेंट उघडून त्यातला पूर्ण पत्ता उचला. आणि यादी लहान ठेवा. सगळं महत्त्वाचं म्हणून टाकलं की फिल्टर असून नसल्यासारखाच.

यादीत कोणकोण ठेवू हेच सुचत नाही.

असा विचार करा, कुणाचा मेल दोन दिवस उशिरा वाचला तर पैसे, संधी किंवा तारीख जाईल? तेवढेच. शिकणारं पोरगं असेल तर सीईटी सेल, विद्यापीठ, कॉलेज. नोकरी शोधणाऱ्याला एमपीएससी आणि जिथे जिथे अर्ज केला ती ऑफिसं. ज्येष्ठांना बँक, पेन्शन, विमा, प्राप्तिकर. परदेशात असलेल्या मुलीचा पत्ता भावनेपोटी सगळे टाकतात, टाका, पण ती व्हॉट्सॲपवरच बोलते हेही खरं आहे.

फिल्टर लावला तरी बाकीचे मेलही फोनवर उतरतातच ना? मग जागा कशी वाचणार?

बरोबर प्रश्न. फिल्टरने फक्त खूण केली, जागा वाचवायची तर फोनवर काय उतरवायचं ते सांगावं लागतं. जीमेल ॲपच्या सेटिंगमध्ये खात्याच्या नावावर गेलात की 'डेज ऑफ मेल टू सिंक' असं दिसेल, तिथे सहसा ३० असतं. ते ५ किंवा ७ करा. जुने मेल कुठे जात नाहीत, नेट असताना शोधले की सर्व्हरवरून येतात, फक्त नेट नसताना दिसणार नाहीत. तिथेच जवळपास वायफायवर अटॅचमेंट आपोआप उतरवायचा ऑप्शन असतो, तो बंद. हे एक बटण बंद केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

मग त्याच सेटिंगमध्ये 'मॅनेज लेबल्स'. आपलं 'कामाचे' लेबल उघडा आणि त्याला सिंक 'ऑल' द्या. म्हणजे इनबॉक्स आठवड्याचाच पण कामाचे मेल जुनेसुद्धा हाताशी, एसटीत रेंज गेली तरी उघडतील.

अजून एक फिल्टर मला फार उपयोगी वाटतो. फॉर्ममध्ये 'साइज' असतं, तिथे 'ग्रेटर दॅन ५ एमबी' टाका, यादीतले पत्ते वगळा, आणि 'स्किप द इनबॉक्स' करून 'जड' नावाच्या लेबलमध्ये ढकला, त्या लेबलचं सिंक 'नन'. मोठी अटॅचमेंट असलेले मेल फोनकडे यायचेच नाहीत, कधीतरी कम्प्युटरवर बघा.

फोनवर तीन एमबीचा फोटो मेलमध्ये चार एमबीचा कसा होतो?

ई-मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनला, त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ पाठवताना त्याला बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलतात आणि त्यात तीन बाइटचे चार होतात, म्हणजे साधारण एक तृतीयांश वाढ. मराठी मजकुरालाही याचा फटका बसतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतं, बेस६४ मध्ये ४, आणि काही मेल प्रोग्रॅम दुसरी पद्धत वापरतात, क्वोटेड प्रिंटेबल, त्यात चक्क ९. तरीसुद्धा हजार अक्षरांचा मराठी मेल फार तर ९-१० केबी होतो, आणि तीच नोटीस कागदावर लिहून फोटो काढून पाठवली की सहज दोन-तीन एमबी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

फक्त महत्त्वाच्या मेललाच आवाज हवा, बाकीचे गप्प राहोत.

जीमेल ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये 'ऑल', 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' आणि 'नन' असे तीन ऑप्शन आहेत. मधला निवडा. फिल्टरने 'इम्पॉर्टंट' केलेले मेल त्यात वाजतात. आणखी कडक हवं असेल तर इनबॉक्सचं नोटिफिकेशन बंद करून फक्त 'कामाचे' लेबलचं चालू करा, पण त्यासाठी त्या लेबलचं सिंक चालू असावं लागतं, नाहीतर ऑप्शन पुसटच राहतो. आयफोनवाल्यांना हे सोपं आहे, मेल ॲपमध्ये २०१२ पासून व्हीआयपी नावाची यादी आहे, माणूस टाकला की त्याचा वेगळा आवाज.

जागा भरपूर आहे, सगळं लावलंय, तरी नोटिफिकेशन तासाभराने येतं. का?

मग अडचण स्टोरेजची नाही, रॅम आणि बॅटरीची आहे. मेल आल्यावर सर्व्हर फोनला अख्खा मेल पाठवत नाही, फक्त एक छोटा निरोप जातो (गूगलच्या पुश सेवेत त्याची कमाल मर्यादा ४०९६ बाइट आहे) आणि तो मिळाला की ॲप जागं होऊन मेल ओढून घेतं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन निपचित पडून असला की 'डोझ' नावाच्या झोपेत जातो आणि सगळ्यांचं सिंक मागे ढकलतो, तातडीचे निरोप तेवढे त्यातून आत येतात. पण बऱ्याच स्वस्त फोनांत कंपनीने वरून आपला बॅटरी सेव्हर बसवलेला असतो आणि तो मागचे ॲप सरळ मारून टाकतो. सेटिंग, ॲप्स, जीमेल, बॅटरी या वाटेने जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'डोन्ट ऑप्टिमाइझ' जे काय दिसेल ते करा. आणि ते 'रॅम क्लीनर', 'फोन बूस्टर' काढून टाका, मेल उशिरा येण्यात त्यांचाही हात असतो, वर जाहिराती दाखवतात ते वेगळंच.

अगदी १ जीबी रॅमचा फोन असेल तर त्यात अँड्रॉइड गो आणि जीमेल गो या हलक्या आवृत्त्या असण्याची शक्यता आहे, तेच राहू द्या, नेहमीचं जीमेल हट्टाने टाकू नका.

फोन फारच जुना आहे, मूळ खात्यात हजारो मेल आहेत, उघडलं की फोन हँग होतो. काही उपाय?

आहे, आणि मला विचाराल तर अशा फोनसाठी हाच उत्तम. फोनसाठी वेगळं, रिकामं ई-मेल खातं काढा आणि फोनवर तेवढंच ठेवा. मूळ खातं फोनवर टाकूच नका. मूळ खात्यात कम्प्युटरवरून 'फॉरवर्डिंग' मध्ये नव्या खात्याचा पत्ता द्या, त्यावर एक कोड येतो तो घालून मंजुरी द्यायची, मग 'कामाचे' च्या फिल्टरमध्ये 'फॉरवर्ड इट टू' वर टिक. झालं. मूळ खात्यात हजार मेल पडोत, फोनवर मोजकेच येणार.

याची खोड अशी की उत्तर दिलं तर ते नव्या पत्त्यावरून जातं, आणि समोरचा गोंधळतो, सरकारी ऑफिस तर नोंदवलेल्या पत्त्यावरून आलं नाही म्हणून बाजूला ठेवेल. त्यामुळे हे खातं वाचण्यापुरतं समजा. फॉरवर्ड होतात ते नवे मेल, आधीचे नाही. आणि नव्या खात्याचा पासवर्डही नीट ठेवा, तिथेही बँकेची पत्रं येणार आहेत, टू-स्टेप व्हेरिफिकेशन दोन्हीकडे लावा.

ही कल्पना काही नवी नाही. ब्लॅकबेरी सुरू झाला तो १९९९ च्या पेजरसारख्या दिसणाऱ्या ८५० पासून, त्यात जागा ती कितीशी असणार, म्हणून सर्व्हर मेलचा पहिला २ केबीच्या आसपासचा तुकडा पाठवायचा आणि पुढचं हवं असेल तर मागून घ्यायचं. ऑफिसच्या सर्व्हरवर कुणाचे मेल पुढे पाठवायचे याचे फिल्टरही लावता यायचे. आज आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट मेमरी आहे आणि आपण ती शुभ सकाळने भरतो.

पॉप ठेवू की आयमॅप?

आयमॅप. ॲपने सर्व्हरवरून मेल आणायच्या या दोन पद्धती. पॉप मेल अख्खा खाली ओढतो, आणि सेटिंग चुकलं तर सर्व्हरवरून पुसूनही टाकतो, मग फोन हरवला की मेलही गेला. आयमॅपला आधी फक्त हेडर मागता येतात, मेलच्या आत किती भाग आहेत, कुठला किती मोठा हे विचारता येतं, आणि त्यातला मजकूर तेवढा आणून पीडीएफ तिकडेच ठेवता येतं. कमी जागेच्या फोनला हेच हवंय.

जीमेल सोडून हलकं ॲप कुठलं?

के-नाईन मेल बघा, फुकट आहे, जाहिराती नाहीत, २०२२ मध्ये थंडरबर्डच्या लोकांनी ते आपल्याकडे घेतलं आणि २०२४ मध्ये त्यावरूनच अँड्रॉइडचं थंडरबर्ड आलं. त्यात दोन सेटिंग आपल्या कामाची आहेत. एक, मेल किती केबीपर्यंत आपोआप उतरवायचा, त्याहून मोठा असेल तर सुरुवातच येते आणि उरलेला बटण दाबल्यावर. दुसरी, एका फोल्डरमध्ये किती मेल ठेवायचे, तिथे २५ ठेवलं तरी पुरतं. दिसायला जरा रुक्ष आहे, आईला आवडणार नाही.

जागा करायला फोनवरून मेल डिलीट केले तर?

सगळीकडून जातात! आयमॅप असो की जीमेल ॲप, फोनवर पुसलं म्हणजे सर्व्हरवरही पुसलं. फोनपुरती जागा हवी असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जीमेलचं 'क्लिअर कॅश' करा. त्याने नाही भागलं तर 'क्लिअर स्टोरेज', त्याने उतरवलेल्या प्रती जातात आणि ॲप नव्याने सिंक करतं, सर्व्हरला धक्का लागत नाही. फक्त त्याआधी आउटबॉक्समध्ये न गेलेलं काही अडकलंय का ते बघा, आणि नंतर नोटिफिकेशन, सिंकचे दिवस परत लावावे लागतील.

कीपॅडच्या फोनवर मेलची खबर मिळेल का?

पूर्ण मेल विसरा. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीची ७०, म्हणजे एवढ्यात फार तर कुणाचा आणि कशाबद्दल इतकंच. बँक आणि सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर नोंदवून एसएमएस अलर्ट चालू ठेवा, ते मेलपेक्षा बरं.

मी पाठवणारा आहे, क्लासचा किंवा सोसायटीचा. माझ्याकडून काय व्हावं?

विषयात तारीख आणि काम लिहा, 'महत्त्वाचे' असं नुसतं लिहू नका. मजकूर मेलमध्येच टाइप करा. पीडीएफ मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक द्या. नेहमी एकाच पत्त्यावरून पाठवा, कारण पालकांनी किंवा सभासदांनी फिल्टर लावला असेल तो त्या पत्त्यावर, तुम्ही या महिन्यात मुलाच्या आयडीवरून पाठवलं की गेला तो प्रमोशन्समध्ये, म्हणजे जीमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात. आणि मेलची सजावट आवरा, एचटीएमएल (मजकूर आणि सजावटीचा कोड) १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल मेल मध्येच कापतो, मग शेवटची तारीख नेमकी कापलेल्या भागात असते.

पुढे मोठा फोन घेतला तर हे सगळं पहिल्यापासून करायचं का?

नाही. फिल्टर आणि लेबल सर्व्हरवर आहेत, लॉगिन केलं की हजर. फोनमध्ये असतात त्या तीनच गोष्टी, सिंकचे दिवस, नोटिफिकेशन आणि बॅटरीचं सेटिंग, तेवढ्या परत लावा. फोनसाठी वेगळं खातं काढलं असेल तर नव्या फोनवर मूळ खातं टाका आणि फिल्टरमधलं फॉरवर्ड बंद करा, नाहीतर दोन्ही खाती फोनवर राहिली की एकच मेल दोनदा वाजणार.